ज्याचं नाव मी आधी वाजवलं

मी एक जुना ढोल आहे. मित्रांनो, ढोल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गळ्यात अडकवलेलं मोठं पिंप येईल. मी तसा नाही. माझी कंबर बारीक आहे, डमरूसारखी, पण मी डमरूपेक्षा पुष्कळ मोठा. मला डाव्या बगलेत धरतात आणि उजव्या हातातल्या वाकड्या काठीने वाजवतात. माझ्या दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या वाद्या बगलेत दाबल्या की माझा आवाज चढतो, सैल सोडल्या की उतरतो. आमच्या गावात, गुमायिलीत, मला लुंगा म्हणतात. घानाच्या उत्तरेकडे माझी पुष्कळ भावंडं आहेत, पण त्यांच्यातल्या कुणाच्या वाट्याला माझ्यासारखी काळजी आली असेल असं मला वाटत नाही.

माझं खोड मला वाजवणाऱ्या दावुनीच्या वडिलांनी कोरलं. झाड तोडण्याआधी त्यांनी त्याची माफी मागितली होती. मग दोन्ही तोंडांवर बकरीचं कातडं चढलं, हरणाच्या कातड्याच्या वाद्या ओवल्या गेल्या आणि मी बोलू लागलो. हो, बोलूच लागलो. आमच्याकडे ढोल नाचायला कमी आणि नावं घ्यायला जास्त वाजवतात. एखाद्याच्या दारात उभं राहून मी त्याच्या बापाचं, आजाचं, पणजाचं नाव घेतो. प्रत्येक नावामागे एक म्हण असते, ती वाजवतो. ज्याची ही गोष्ट आहे, त्या इस्साहाकूचे आजोबा गुमायिलीचे मुखिया होते. त्यांची म्हण होती, ‘पेरलेलं उगवायला कुणाची परवानगी लागत नाही.’ ती मी इतक्या वेळा वाजवली आहे की माझ्या कातड्यावर तिथेच काठीचा डाग पडला आहे.

आणि एक नियम आहे, तो नीट ऐका. ढोलाने तुमच्या आजोबांचं नाव घेतलं की तुम्हाला दाराबाहेर यावंच लागतं. ताप असो, भांडण असो, जेवण अर्धवट असो. जो येत नाही, त्याने आपल्या पूर्वजांना दारातून परत पाठवलं असं समजतात. दुसरा नियम त्याहून कडक. मुखिया झालेला माणूस जनावराच्या कातड्यावर बसतो, तेव्हा त्याच्यासाठी एक खास ताल वाजतो. तो ताल माणूस बसल्यानंतरच वाजवायचा. आधी वाजवलात तर खोटं बोललात. दावुनीचे वडील म्हणायचे, “माणूस खोटं बोलला तर तोंड धुता येतं. ढोल खोटं बोलला तर काय धुणार?”

हा दुसरा नियम मी मोडला. आता तेच सांगतो.

निवडणुकीचं वर्ष होतं. पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार दक्षिणेकडचा होता, म्हणजे त्याचा जोडीदार, उपाध्यक्षपदासाठी, उत्तरेकडचा असणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. प्रश्न एवढाच होता, की कोण? रेडिओवर रोज पाच नावं यायची. त्यातलं तिसरं नाव डॉक्टर इस्साहाकूचं होतं. तो औषधांचा डॉक्टर नव्हे. तमालेच्या विद्यापीठात मातीचं शास्त्र शिकवायचा, आणि कमी पाण्यात येणारी बाजरी त्याने आमच्या जिल्ह्यात आणली होती. पण मुळात तो आमचाच होता, त्या म्हणीवाल्या मुखियाचा नातू.

नाव आलं आणि गाव पिसाळलं. कडुनिंबाखाली दावुनीची बायको अझारा वाकये विकायची, म्हणजे चवळी घालून शिजवलेला भात. शेजारी सायकली दुरुस्त करणारा फुसेनी बसायचा. त्याचं एक चाक कधी नीट फिरलं नाही, पण देशाचं राजकारण त्याच्या हातात सुरळीत फिरत होतं.

“राजधानीतून, आक्र्यातून पक्की बातमी आहे,” फुसेनी म्हणायचा. “चौथीला नको म्हणाले, बाई आहे. पहिला म्हातारा. दुसऱ्याची बायको परदेशी. उरलं कोण?”

“पाचवा उरला,” अझारा म्हणाली.

“पाचवा आपल्या भागातला नाही.”

“मग त्याच्या भागातला सायकलवाला आत्ता तुझंच नाव घेत असेल, फुसेनीभाऊ. घे, भात खा, गार होतोय.”

मी दावुनीच्या मांडीवर असायचो आणि हे सगळं ऐकायचो. पावसाळा होता. ओल लागली की माझं कातडं सैल पडतं, म्हणून दावुनी मला चुलीशी धरून तापवायचा. त्या दिवसांत मात्र तो मला फार वेळ आगीशी धरून बसायचा. त्याचं लक्ष रेडिओकडे असायचं.

मग डॉक्टर गावी आला. तमालेत बातमीदारांनी त्याच्या फाटकापाशी मुक्काम ठोकला होता, म्हणून तो आजोबांच्या घरात येऊन दार लावून बसला. अझारा रोज त्या घरी वाकये पोचवायची. तिसऱ्या दिवशी ती परत आली आणि दावुनीला बाजूला घेऊन म्हणाली, “तुम्हाला सांगते, कुणाला बोलू नका. पक्षवाल्यांनी बजावलंय. घराबाहेर पडायचं नाही, सत्कार घ्यायचे नाहीत, कोला नट घ्यायचे नाहीत. आधीच मिरवतोय असं दिसलं तर नाव खोडतील. डॉक्टर जेवतसुद्धा नाही धड. पान तसंच परत आणलंय मी.”

“मी कशाला बोलू?” दावुनी म्हणाला.

“बोलू नका, आणि वाजवूही नका.”

दावुनीने मान हलवली. मला हायसं वाटलं. पण गावाला कोण आवरणार? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. लोकांनी डॉक्टरच्या अंगणात कोला नटच्या, म्हणजे आमच्याकडे मान म्हणून देतात त्या कडवट बियांच्या, टोपल्या ठेवून जायला सुरुवात केली. कुणी ओढ्यावर पूल हवा म्हणून अर्ज लिहिला. कुणी मुलाला आक्र्यात नोकरी मागितली. आत बसलेल्या माणसाचा जीव टांगणीला लागलाय, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि मी सारखा घाबरत होतो. कारण मला ठाऊक होतं, शेवटी सगळे माझ्याकडेच येणार.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली आणि ते आले. चाळीस-पन्नास माणसं असतील. पुढे फुसेनी.

“ऊठ, दावुनी. रेडिओवर सांगितलं, नक्की झालंय.”

“काय शब्दांत सांगितलं?”

“म्हणाले, नक्की झालंय, रविवारी जाहीर करणार.”

“कोण ते सांगितलं का?”

“ते सांगायला लागतं का?”

दावुनी हलला नाही. मला मांडीवर घट्ट धरून बसला. तेव्हा फुसेनीने जिथे लागतं तिथेच मारलं.

“तुझ्या बापाने याच्या आजोबांसाठी वाजवलं. बस तू घरात. पलीकडच्या गावचे ढोलवाले निघालेत, मी स्वतः पाहिले. ते आधी पोचले, की उद्यापासून या घराचे ढोलवाले ते. मग तू लग्नात वाजव, कुणी बोलावलं तर.”

अझाराने भाताच्या पातेल्यावर झाकण आपटलं. “जाऊ नका हो,” एवढंच ती म्हणाली. पण तोवर दावुनीने मला बगलेत घेतलं होतं.

मित्रांनो, मला पाय असते तर मी पळालो असतो. पण मी ढोल आहे. बगल दाबली की बोलावं लागतं.

डॉक्टरच्या दारात आम्ही उभे राहिलो. मी पणजाचं नाव घेतलं. दार बंदच. मी आजोबांचं नाव घेतलं, ‘पेरलेलं उगवायला...’ आणि दार उघडलं. इस्साहाकू बाहेर आला. साधा घरातला झगा, पायात चपला नाहीत. तो आला कारण त्याला यावंच लागणार होतं, हे मला कळत होतं. लोकांनी कल्ला केला. पन्नास हात वर झाले आणि पन्नास फोन त्याच्याकडे रोखले गेले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दावुनीकडे, आणि हसला. दावुनीच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. काठी थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. तो कातड्यावर बसल्याचा ताल वाजवू लागला.

मला अजून तो आवाज ऐकू येतो. इतका स्वच्छ मी आयुष्यात कधी वाजलो नव्हतो. चुलीच्या उबेने कातडं ताणलेलं होतं आणि मी धडधडीत खोटं बोलत होतो. इस्साहाकू शेवटपर्यंत उभा राहिला. मग त्याने रीतीप्रमाणे दावुनीच्या कपाळाला नोट चिकटवली आणि आत गेला.

संध्याकाळपर्यंत ते चित्रण आक्र्यापर्यंत पोचलं. रेडिओवरचा माणूस हसून म्हणाला, की उत्तरेत एका सद्गृहस्थांचा शपथविधी आधीच उरकला आहे. दावुनीने रेडिओ बंद केला. शनिवारी तो जेवला नाही. रविवारी उमेदवाराने जोडीदाराचं नाव जाहीर केलं. ती चौथीच होती, निवृत्त न्यायाधीश असलेली बाई.

सोमवारी कडुनिंबाखाली फुसेनी सगळ्यांना सांगत होता, “ढोलाने घात केला. मी म्हणतच होतो, घाई नको.”

अझाराने त्याला भात दिला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढचा महिनाभर नाही. घरी येऊन दावुनीने मला भिंतीवरच्या खुंटीला अडकवलं, तोंड भिंतीकडे करून. काठी चुलीमागे खोचली.

मित्रांनो, दीड वर्ष मी भिंतीकडे तोंड करून होतो. निवडणूक होऊन गेली. कोण जिंकलं, कोण हरलं, माझ्यापर्यंत पोचलंच नाही. ओल आली तरी मला कुणी तापवलं नाही, आणि कोरडं वारं सुटलं तेव्हा कुणी कातड्याला शिया झाडाच्या बियांचं लोणी लावलं नाही. वाद्या कडक झाल्या. एका उंदराने माझं खालचं तोंड कुरतडलं. मला त्याचं दुःख होतं, पण त्याहून एक विचार जास्त कुरतडत होता. एका भल्या माणसाचं नशीब माझ्या आवाजाने मोडलं. तो गावी यायचा तेव्हा दावुनी शेताची वाट धरायचा. डॉक्टरच्या घरावरून जायला नको म्हणून तो मशिदीला लांबच्या रस्त्याने जाऊ लागला.

मग दावुनीला नात झाली. आठव्या दिवशी सकाळी नाव ठेवायचं होतं. अंगणात चटया पडल्या, बकरा कापला गेला, आणि ढोलवाल्याच्या घरचं बारसं ढोलाशिवाय सुरू झालं. लोक कुजबुजत होते. इतक्यात डॉक्टर इस्साहाकू आत आला. अझाराने निरोप धाडला होता, दावुनीला न विचारता.

दावुनी उभा राहिला, पण त्याला मान वर करता येईना.

“दावुनीकाका, ढोल कुठाय?” डॉक्टरने विचारलं.

“खराब झाला.”

“कसा?”

“डॉक्टर,” दावुनी म्हणाला, “माझ्यामुळे तुमचा पत्ता कटला. मला माहीत होतं वाजवायचं नाही. अझाराने सांगितलं होतं. तरी वाजवलं.”

डॉक्टर त्याच्यासमोर चटईवर बसला.

“त्या शुक्रवारी तुम्ही किती वाजता आलात, काका?”

“नमाजेनंतर. दोन वाजले असतील.”

“मला फोन आला सकाळी नऊला. उमेदवारांनी स्वतः केला. म्हणाले, बाईंना घेतलंय, रविवारपर्यंत कुठे बोलू नका.”

अझाराच्या हातात पाण्याची कळशी होती, ती तिने खाली ठेवली.

“मग बाहेर कशाला आलात?” ती म्हणाली.

“आजोबांचं नाव घेतलं काकांनी. दाराआड बसून राहणार होतो का?” मग तो हळू आवाजात म्हणाला, “आणि शेवटी जे वाजवलंत ना काका, ते माझं नाही हे तिथे मला एकट्यालाच ठाऊक होतं. वाटलं, असू दे. एकदा ऐकून घेऊ.”

दावुनीने आता कुठे मान वर केली. “तुम्ही नंतर तरी सांगायचंत.”

“कुणाला सांगणार? पुढच्या शुक्रवारी माझ्या अंगणात कुत्रंसुद्धा आलं नाही. मला वाटलं, पद गेलं म्हणून सगळ्यांनी येणं सोडलं, तसं तुम्हीही सोडलंत.”

त्यावर दावुनी रडला. साठी उलटलेला माणूस, भर बारशात, आणि कुणी त्याला थांबवलं नाही. डॉक्टर घरात आला, त्याने मला खुंटीवरून काढलं आणि उंदराने पाडलेल्या भोकात बोट घालून पाहिलं. त्याच्या हाताला खतमातीचा वास होता.

आता मला नवं कातडं चढवताहेत. मी पुन्हा बोलेन की नाही याची मला धाकधूक आहे, कारण जुनं खोड नव्या कातड्याला कधी कधी मानवत नाही. शिवाय मी खोटं बोललो ते बोललोच, कुणी माफ केलं म्हणून ते खरं झालं नाही. तेव्हा माझी एक विनवणी ऐका. घरातलं जुनं वाद्य भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. त्याला तेलपाणी करा, ओल आली की ऊब द्या. आणि ज्याचं आपल्या हातून वाईट झालं असं वाटून तुम्ही लांबच्या रस्त्याने जाता, त्याच्या दारात एकदा जा. तो आत एकटा बसून, तुम्ही का येत नाही याचा विचार करत असेल. ढोल नेला नाहीत तरी चालेल.