खडकाजवळचे चाळीस मीटर

मित्रांनो, मी एका प्रवासी लाँचवरचा जुना जीपीएस आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि एक बटण दाबले की वर येत नाही. तरी मी अजून चालू आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मला माझे काम सोपे वाटे. उपग्रहांचे संदेश यायला किती वेळ लागला ते मोजायचे आणि आपण कुठे आहोत ते सांगायचे. लाँच चालवणाऱ्या ताईंनी मला सुकाणूसमोर बसवले. त्यांचा धाकटा भाऊ इंजिन सांभाळायचा. खाडीच्या तोंडाशी दोन खडकांमधून जेमतेम साठ मीटरची वाट होती. दाट धुक्यातही मी लाँच तिथून अलगद काढत असे. "हा आहे म्हणून माझ्या जिवाला घोर नाही," असे ताई प्रवाशांना सांगत. मी फुशारून जाई.

तेव्हा सूर्य शांत होता, हे मला ठाऊक नव्हते.

चार-पाच वर्षांनी माझे आकडे सरकू लागले. धक्क्याला बांधलेली लाँच मला एखाद्या दुपारी दहा मीटर दूर दिसे, दुसऱ्या दिवशी पंधरा. सूर्य मावळला की उपग्रहांचे संदेश थरथरत आणि एकेक करून तुटत. सकाळी पुन्हा सगळे सुरळीत.

"ताई, हा हल्ली बहकतोय," भाऊ म्हणाला.

"जुना झालाय बिचारा. पण वेळेला दगा नाही देणार."

एका दुपारी मी तो दिला. धुके उतरले होते. लाँचमध्ये बावीस माणसे होती. भाऊ पुढच्या टोकाला उभा राहिला. माझ्या पडद्यावर लाँच वाटेच्या अगदी मधोमध होती.

"ताई, थांब! डावीकडे खडकावर पाणी आपटतंय!"

"काहीतरीच काय! मी मधोमध आहे. हे बघ ना इथे!"

"तू त्याचं ऐकतेस की माझं?"

ताईंनी इंजिन उलटे फिरवले, पण चार सेकंद उशिरा. मी चाळीस मीटर चुकलो होतो. लाँच खडकाला घासली. प्रवासी वाचले. भावाचा हात मात्र कठडा आणि खडक यांच्यात सापडला.

आठवड्याने वेधशाळेतल्या एक बाई चौकशीला आल्या. त्यांनी माझ्या साऱ्या नोंदी उतरवून घेतल्या.

"फार उंचावर हवेचा विजेने भारलेला थर असतो," त्या म्हणाल्या. "सूर्य खवळला की तो ढवळून निघतो. संदेश त्यात रेंगाळतो आणि याला वाटतं, उपग्रहच लांब आहे. दर अकरा वर्षांनी साधारण असा काळ येतो."

"म्हणजे याची चूक नाही?" ताईंनी विचारले.

"नाही."

ताई माझ्याकडे वळल्या. "मग माझीच," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ ओरडत होता आणि मी या काचेकडे बघत होते."

भावाचा हात आता खांद्याच्या वर जात नाही. तो माझ्यावर कधी रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझ्या नोंदी जपा, पण माझ्यावर डोळे मिटून विसंबू नका. मी पुन्हा चुकेन आणि चुकताना मला ते कळणार नाही. तेव्हा जवळचे कोणी ओरडले, तर आधी इंजिन थांबवा. माझ्याकडे नंतर बघा.