पातळ टरफलाचा अहवाल

मोरोपंत गुरुजी परतवाड्याला पंधरा दिवस कुक्कुटपालन शिकले. शिकवणी सगळी फळ्यावर झाली. परतताना प्रमाणपत्र मिळालं आणि सहा पांढऱ्या विलायती कोंबड्या. साल त्रेसष्ट. अंजनगावात अंडी खाणारे पुष्कळ होते. अहवाल लिहिण्याजोगं अक्षर मात्र गुरुजींचंच, म्हणून तालुक्यातल्या इतर गावांसारखी इथंही योजना गुरुजींच्याच अंगणात उतरली. अकोल्याच्या प्रदर्शनात डझनभर साबूत अंडी मांडायची होती. नाही जमलं तर मेळघाटच्या जंगलात धारणीला बदली, हे विस्तार अधिकारी खुशालरावांनी हसत हसत सांगितलं होतं.

कोंबड्यांनी कसूर केली नाही. पण अंडं उचललं की फुटे. टरफल पातळ, असं गुरुजींनी निदान केलं आणि तसा अहवाल धाडला. मग पाण्यात चुन्याची निवळी, खाद्यात शिंपल्यांची भुकटी.

"पानाले चुना उरला नाही घरात," चारुशीलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "आता कोंबड्यांचीच तोंडं रंगतील."

आठवड्यात सत्तावीस अंडी फुटली. प्रदर्शनाला चार दिवस उरले, तेव्हा गुरुजींनी शेजारच्या शकीलाबींना बोलावलं. त्यांच्या घरी तीस वर्षं कोंबड्या होत्या.

"टरफल पाहा किती पातळ आहे."

"उचलून दावा."

गुरुजींनी न्हाणीघराच्या कोनाड्यातली सांडशी आणली, खास यासाठीच घेतलेली, आणि अंड्याला लावली. अठ्ठावीस झाली.

शकीलाबींनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं. "गुरुजी, टरफल पातळ नाई. सांडशी लोहाराची हाये."

"मग काय हातानं उचलू?"

"आमी तं हातानंच उचलतो. आजलोक कोनाचा हात झडला नाई."

"मी अंड्याला शिवत नाही."

"मंग धारनीले जा. तिथं अस्वलं हायेत. थे अंडे देत नाईत."

पुढचे तीन दिवस गुरुजी आंघोळीआधी अंगणात गेले. दर अंड्यामागे नाही, एकदाच आंघोळ, असा घरात ठराव झाला होता. बाराही अंडी साबूत निघाली.

खुशालरावांनी ती भुशाच्या टोपलीत ठेवून घेतली. "नेमकं जमलं कशानं, गुरुजी?"

भिंतीपलीकडे शकीलाबी ज्वारी पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला.

"चुन्यानं," गुरुजी म्हणाले.

बदली टळली. महिन्याभरात तालुक्यातल्या सगळ्या कोंबड्यावाल्या गुरुजींना चुना वाटण्यात आला. परिपत्रकात सांडशीचा उल्लेख नव्हता. ती ज्यानं त्यानं आधीच घेतलेली होती.