धन्याची मुंडी

पांझरेच्या काठच्या त्या गावात भिकुबाई एका वनस्पतीचं नाव तोंडानं घेत नसे. पाणी आटलं की तळ्याच्या गाळात ती पसरायची, जांभळ्या गोल बोंडांची. हात लावला की उग्र-गोड वास दिवसभर बोटांना राहायचा. सारा गाव तिला गोरखमुंडी म्हणे. पण भिकुबाईच्या नवऱ्याचं नाव गोरख, आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? म्हणून ती म्हणायची धन्याची मुंडी.

बायका तिची फिरकी घेत. पाट्यावर काय वाटतेस, असं मुद्दाम विचारत. ती पदर सावरून सांगे, धन्याची मुंडी वाटतेय. ओट्यावर बसलेला गोरख आबा मान खाली घालून हसे.

चैतात तिच्या दारी रांग लागे. अनशापोटी बोंड अख्खं गिळायचं, दात लागू द्यायचा नाही, म्हणजे वर्षभर डोळे येत नाहीत, असं सगळे मानत. कुणाचं पोट बिघडलं तरी हीच मुंडी वाटून द्यायची. हे औषध तिच्या माहेरचं आणि नियमही माहेरचाच. तोडण्याआधी वनस्पतीला नावानं हाक मारायची, नाहीतर गुण येत नाही.

आबाला कोडं पडे ते इथंच. गुण तर येत होता. मग ही हाक कशी मारते? लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच आपलं नाव त्यानं तिच्या तोंडून ऐकलं होतं. विचारलं तर ती म्हणे, बायकांच्या कामात पुरुषांनी नाक खुपसू नये.

पौषात ती तापानं गेली.

चैत आला. शेजारची तानुबाई नेहमी तिच्याबरोबर तळ्यावर जायची. तिनं येऊन नातवंडांसाठी बोंडं मागितली. घरात एकही नव्हतं. तूच आण, आबा म्हणाला. माझ्या हाताला गुण नाही, ती म्हणाली. शेवटी आबानंच टोपली उचलली आणि दोघं निघाली.

वाटेत त्यानं एवढी वर्षं अडलेलं विचारून टाकलं. नाव घ्यायची का ती?

तानुबाई थांबली. तळ्याच्या पाळीवर आली की भिकुबाई मला पाठ फिरवून उभं करायची, ती सांगू लागली. मग एकटीच गाळात उतरायची. वारा इकडचा असला की ऐकू यायचं. पुरं नाव घ्यायची, अन् तेही बोंडाबोंडाला.

"त्या औषधमा बठ्ठा गुण तुमना नावना शे, आबा."

सगळा गुण आपल्या नावाचा, हे मनात घोळवत आबा चालत राहिला. पाळीवर पोचल्यावर त्यानंही तिला पाठ फिरवायला सांगितली. तानुबाई हसली. तुमचं तर स्वतःचंच नाव, त्यात कसली लाज, म्हणाली. पण फिरली.

आबा गाळात उतरून उकिडवा बसला. भिकुबाईच्या हातांचा वास आला. गोरखमुंडी म्हणायला त्याला काहीच अडचण नव्हती. पण त्याला आठवलं, आपणही जन्मभर तिला 'अगं' आणि 'लीलाधरची माय' एवढंच म्हणत आलो.

त्यानं एक बोंड चिमटीत धरलं. मागं वळून पाहिलं. तानुबाईची पाठच होती.

"भिकू," तो म्हणाला.

नियमानं नाव चुकलं होतं. त्यानं ते बोंड तोडलं, आणि पुढच्याला हात घालताना पुन्हा तेच म्हणाला, जरा मोठ्यानं.