विहिरीतली मरळ

किन्हवलीला आमच्या विहिरीत एक मरळ आहे. आमच्याकडे विहीर खणली की तीत मासा सोडतात. मासा जिवंत तोवर पाणी चांगलं, असा हिशोब. त्याला कुणी हात लावत नाही. आमची मरळ तर आई आसरांची, पाण्यातल्या देवींची, सखी मानते. ती श्वास घ्यायला वर आली की आई हात जोडते.

मी एम.एस्सी.साठी मुरबाडकडच्या नदीतले मासे तपासते. पाणी विषारी असलं की माशाच्या रक्तपेशीतलं केंद्रक तुटतं आणि त्याचा कण बाजूला पडून राहतो. भिंगाखाली मोठ्या ठिपक्याशेजारी छोटा ठिपका दिसतो. तुलनेला स्वच्छ पाण्यातली मरळ हवी होती. काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला, म्हणून मी घरचीच काढायची ठरवली.

"थेंबभर रगत घे नि सोड तिला," आई म्हणाली. आधी तिनं मरळीला हळदकुंकू लावलं.

नदीतल्या माशांत छोटे ठिपके सापडले. घरच्या मरळीत त्याहून जास्त होते. मला वाटलं, नमुन्यांच्या काचांची अदलाबदल झाली. चिठ्ठ्या तपासल्या, पुन्हा मोजलं. तेच. विहिरीच्या वरच्या अंगाला बिनपाटीचं शेड झालंय, तिथं रोज उग्र वासाचे टँकर येतात, हे मला तेव्हा आठवलं. तेव्हापासून भात कालवताना, डोळे मिटताना, तो छोटा ठिपका समोर येतो.

पूजावहिनीला पाचवा महिना आहे. याआधीची दोन पोटं टिकली नाहीत. आसरांचा कोप म्हणून आईनं ओटी भरली, आणि वहिनीला नळाचं पाणी बंद केलं. रोज सकाळी विहिरीचं तांब्याभर पाणी, आईच्या डोळ्यांसमोर प्यायचं.

मोजणी संपवून त्याच दुपारी घरी गेले. दोघी विहिरीवरच होत्या. मी सगळं सांगितलं.

"मासली मेली का?" आईनं विचारलं.

"नाही."

"मंग?"

मला आईचा संताप आला. "ती जिवंत आहे, पण आतून तुटतेय. वहिनीला हे पाणी देऊ नकोस."

"शिकलीस म्हनून आसरांना नावं ठेवशील?"

वहिनी मात्र माझ्याकडे बघत राहिली. "समीक्षाताई, तसा ठिपका माणसातपन पडतो?"

माशावरून माणसाचं सिद्ध होत नाही, हे मला पाठ आहे. तेवढंच म्हटलं. खोटा धीर द्यायला जीभ वळेना.

तेवढ्यात पाणी हललं. मरळ वर आली, तोंड उघडलं, पुन्हा खाली गेली. आईनं हात जोडले.

वहिनीनं हातातला तांब्या कठड्यावर ठेवला आणि पोटावर हात धरला.

"कालपासून हालतोय," ती हळूच म्हणाली. "हालतो म्हंजे बरा असंल ना ताई?"