आंबेओढ्याची मरळ

सोजराबाईंनी थर्माकोलच्या पेटीतून वीतभर चिलापी एकेक करून बाहेर काढल्या आणि नकुशीच्या पाटीत टाकल्या.

"आक्का, आवो पत्रात तसल्याच मागितल्यात," नकुशी कळवळून म्हणाली. "बाजारात जातात तसल्या धा."

"पत्र मी वाचलंय. भामाबाईनं काय धाडलं?"

"चिलापीच. पोपटराव बघून आलेत."

"मग आपण बी तेच धाडायचं व्हय? पोपटराव, बांधाच्या भिंतीजवळच्या डोहात जाळं टाका. दोन मरळी पाहिजेत. म्हाताऱ्यातल्या म्हाताऱ्या."

पोपटराव निमूटपणे होडीकडे वळले. महिला मत्स्य संस्थेच्या अध्यक्षा म्हणून सोजराबाईंचा शब्द आंबेओढ्याच्या तलावावर पंचवीस वर्षे कुणी मोडला नव्हता.

पुण्याच्या एका संस्थेला तळ्यातल्या माशांत रसायने किती उतरतात, हे तीन वर्षे, दर महिन्याला तपासायचे होते. निधी मात्र एकाच तलावापुरता होता. शिरूर तालुक्यातला आंबेओढा, नाहीतर दौंड तालुक्यात यवतच्या पलीकडचा भामाबाईंचा तलाव. पहिल्या तपासणीवरून निवड होणार होती. इथपर्यंतचे पत्र सोजराबाईंनी दोनदा वाचले होते. त्यापुढचे वाचण्याची त्यांना गरज वाटली नव्हती. कृषी प्रदर्शनात त्यांच्या कांद्याला सात वेळा पहिला क्रमांक मिळाला होता. निवड कशी होते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

भामाबाई एके काळी त्यांच्याच शेतात खुरपायला येत असे. आता तिचाही तलाव होता, संस्था होती, आणि गेल्या दिवाळीत वर्तमानपत्रात तिचा फोटो आला होता, खुर्चीत बसलेला. ते पान सोजराबाईंनी बंबात घातले होते.

दीड महिन्याने केडगावच्या एका सभागृहात निकालाची बैठक भरली. सोजराबाई इरकली नेसून, पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसल्या. भामाबाई दोन खुर्च्या सोडून बसली होती. तिची सून दाराशी उभी होती, कडेवर सहा महिन्यांचे मूल घेऊन.

संशोधक राजश्रीने कागद हातात घेतला. "निधी आंबेओढ्याच्या तलावाला मिळतो आहे," ती म्हणाली. टाळ्या वाजल्या. सोजराबाईंनी खांद्यावरचा पदर सारखा केला आणि मान वळवून भामाबाईकडे पाहिले. भामाबाईने नजर खाली वळवली होती. ते दृश्य त्यांनी पोटभर पाहून घेतले.

"दौंडकडच्या माशांत काही सापडलं नाही," राजश्री पुढे सांगत होती. "आंबेओढ्याच्या माशांत पारा मर्यादेच्या अडीचपट निघाला. कुठून येतो, ते शोधायचं आहे. निधी त्यासाठीच असतो. जिथं जास्त, तिथं आधी."

टाळ्या थांबल्या. सोजराबाईंची मान अजून भामाबाईकडेच वळलेली होती.

बैठक उठल्यावर राजश्री वही घेऊन त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"आजी, पत्रात वीतभर चिलापी मागितल्या होत्या. तुमच्या पेटीत साडेचार-साडेचार किलोच्या दोन मरळी निघाल्या."

"चांगलं व्हतं ते धाडलं. चुकलं का काय?"

"वीतभर माशांत कदाचित काहीच निघालं नसतं. ते पुन्हा तपासू, तोवर विक्री थांबवा. पण एवढी मोठी मरळ कोण विकत घेतं?"

भामाबाई जवळच उभी होती. सोजराबाईंनी आवाज चढवला.

"इकत न्हाई आम्ही ती. मोठी मरळ पोटुशीची आन् बाळंतिणीची. गावात कुणाला दिवस गेले की माझ्या हातनं पोचती व्हते. पंचवीस वर्षं झाली, एक घर चुकलेलं न्हाई."

राजश्रीचे पेन थांबले.

"आजी," ती हळू आवाजात म्हणाली, "पारा माशात वर्षानुवर्षं साठत जातो. मासा जितका म्हातारा, तितका जास्त. आणि पोटातल्या बाळाला तो सगळ्यात आधी बाधतो. यंदा कुणाकुणाला दिली?"



"बाईंचं काय इचारता," भामाबाई मधेच म्हणाली. तिच्या आवाजातला हेवा लपत नव्हता. "त्यांचा डोह मोठा, हात मोठा. आमच्या तळ्यात कुठली आलीय मरळ! माझ्या सुनेनं नऊ महिने मेथी आन् भाकरीवर काढले. मला लाज वाटायची, सोजराबाई."

दाराशी ते मूल आईच्या मंगळसूत्राला झोंबत होते. तिने हात सोडवला की ते खिदळून पुन्हा धरत होते. सोजराबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. कुणाच्या खुर्चीकडे, कुणाच्या फोटोकडे त्यांनी जन्मात असे पाहिले नव्हते.

"बोला, आजी. लिहून घेते."

"सुलक्षणा, खालच्या आळीतली. तिला तीनदा." त्यांनी ओठ पुसले. "नकुशीची भाची. पोपटरावांची सून." गावातली घरे त्या एकेक करून सांगत गेल्या. मग थांबल्या.

"एवढंच?"

"न्हाई. एक घर राहिलं." इरकलीचा काठ त्यांनी मुठीत गोळा केला. "माझी नात. वैष्णवी. आठवा हाय तिला."

"तिला कितीदा दिली?"

"काल बी दिली," सोजराबाई म्हणाल्या.