चार खळग्यांचा ट्रे

केयाला मी शब्द दिला होता की या रविवारी काय ते सांगते. कायमचं कोलोनला तिच्याकडे यायचं की जर्मनीतल्याच या झिंडेलफिंगेनमध्ये राहायचं, हे ती माझा नवरा, डेरेक, गेल्यापासून विचारतेय आणि तिचं काही चुकतंय असंही नाही. माझी एकुलती एक लेक, आई एकटी आहे म्हटल्यावर तिला झोप कशी लागणार. मी मनाशी एक ठरवलं. ब्रेंडाच्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे तिच्या खानावळीत जाऊन रविवारचं जेवण एकटीनं जेवता आलं, तर इथेच राहायचं. नाही जमलं, तर मुकाट्यानं सामान बांधायचं.

घरी मी एकटीच जेवते, त्यात विशेष काही नाही. कुकर लावायचा, ओट्याशी उभ्याउभ्या दहीभात खायचा, संपलं. पण इथली रविवारची दुपार वाईट. दुकानं बंद, रस्ते ओस, आणि सगळा देश आपापल्या माणसांना घेऊन दाराआड बसलेला. त्या दुपारी मला घर खायला उठतं. मग मी टीव्ही मोठ्यानं लावते आणि शेजारीण बेल वाजवून तो बारीक करायला सांगते. आठवड्यातलं माझ्याशी बोललेलं ते पहिलं माणूस असतं, म्हणून मी तिच्यावर चिडतही नाही.

आधी रविवार म्हणजे ब्रेंडा, हे ठरलेलं होतं. ती डेरेकच्या मुलखातली, इंग्लंडमधल्या यॉर्कशरची. इथल्या एका श्वाबी माणसाशी लग्न करून जंगलाच्या कडेच्या खेड्यात आली आणि त्याचं गास्टहाउस चालवू लागली. आठवडाभर तिथे गाववाल्यांचं मसूर आणि श्पेट्सले नावाच्या जाड शेवया, रविवारी दुपारी मात्र अस्सल इंग्लिश जेवण. भाजलेलं बीफ, भाजलेले बटाटे, जीव जाईपर्यंत उकडलेला कोबी आणि यॉर्कशर पुडिंग. नाव पुडिंग असलं तरी ते गोड नसतं. अंडी, दूध आणि मैद्याचं पातळ पीठ तापलेल्या ट्रेच्या खळग्यांत ओतून ओव्हनमध्ये ठेवायचं, की ते टम्म फुगून त्याच्या खमंग वाट्या होतात.

मी अंडं खाते, मांस नाही, आणि बीफचं तर नावच नको. पुण्याहून येताना तेवढं एक घेऊन आले आणि ते डेरेकनं कधी सोडायला सांगितलं नाही. तो बीफ खायचा, मी पुडिंगमध्ये ब्रेंडाची कांद्याची ग्रेव्ही ओतून बटाटे-कोबीशी खायची. पर्समध्ये लसणीच्या चटणीची डबी असायचीच. ते माझं औषध आहे, असं डेरेकनं ब्रेंडाला सांगून ठेवलं होतं.

एका गोष्टीवरून मात्र आमची दर रविवारी वाजायची. ऑर्डर दिली की हा उठायचा. त्याला जे मोजके मराठी शब्द येत त्यातला एक वापरून “आलोच” म्हणायचा आणि भटारखान्यात गडप व्हायचा. मी खिडकीशी एकटी. आजूबाजूला सगळी जोडपी, भरलेली कुटुंबं, आणि मी पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसलेली. आतून त्याचा आणि ब्रेंडाचा हसण्याचा आवाज यायचा. परत आला की मी विचारायची, गावच्या गप्पा झाल्या का पोटभर. तो नुसता हसायचा. पुडिंगचा पहिला घास घेऊन दर वेळी सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचा, आईच्या हातची चव नाही. मग खातोस कशाला, असं मी म्हणायची. तरीही तो खायचा.

तर या रविवारी बस पकडून मी गेले. गाडी डेरेक चालवायचा, मला ती केयानं विकायला लावली. टेबल तेच मागितलं होतं. बसल्याबसल्या एक जोडपं आलं आणि समोरच्या खुर्चीवर हात ठेवून ती रिकामी आहे का विचारू लागलं. इथली रीतच आहे, अनोळखी माणसंही एका टेबलाशी बसतात. मी नाही म्हटलं. ते दोघं जरा चमकले, दुसरीकडे गेले. ब्रेंडा धावत येऊन मला मिठी मारून गेली. तिचा नवरा गुडघ्यानं अधू झालाय, आता आत ती आणि एक नवी मुलगी एवढ्याच असतात.

ताट आलं. मी पुडिंग मोडलं आणि घास तोंडात घातला. खोटं कशाला बोलू, चव फार सुंदर होती. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, आणि मागे एक दाट खमंगपणा, जो मला ओळखू येईना. दुसरा तुकडा नाकाशी नेला तेव्हा शेजारच्या ताटातल्या बीफचा वास आणि हा वास एकच आहे, हे कळलं. घास तर गिळून झाला होता.

माझा चेहरा बघूनच ब्रेंडा बाहेर आली असावी. ताटाकडे बघून तिनं तोंडावर हात ठेवला. पुडिंग बीफच्या चरबीतच करतात, ती सांगू लागली, तिच्या आईपासून तसंच चालत आलंय. माझं वेगळं असायचं, तेलातलं, वेगळ्या ट्रेमधलं.

“मग आज काय झालं?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

“ते काम कधी माझं नव्हतंच, चारू,” ती म्हणाली. “डेरेक करायचा. ट्रेसुद्धा त्यानंच आणलेला. मला घाईत चूक होईल म्हणून दर रविवारी आत येऊन स्वतः तेल घालायचा. आणि स्वतःही त्यातलंच खायचा. एकाच टेबलावर दोन तऱ्हा नकोत म्हणे.”

मला राग आला. ब्रेंडाचा नाही, त्याचा. सांगायला काय झालं होतं? इतकी वर्षं मी तिथे फुरंगटून बसायची आणि हा आत माझं ताट राखत उभा असायचा. आता तो नाही, तर मी एकटी आले त्या पहिल्याच रविवारी हे माझ्या तोंडात गेलं. माझ्या ताटाकडे बघणारं कोणी उरलेलं नाही, हे मला त्या घासानं जेवढं कळलं तेवढं स्मशानातही कळलं नव्हतं.

ब्रेंडा दुसरं करून आणते म्हणाली. मी म्हटलं, मी करते. उठले आणि समोरच्या खुर्चीला त्याच्यासारखंच “आलेच” म्हणाले.

ट्रे खिळ्याला टांगलेला होता, छोटा, चार खळग्यांचा. कडेला गंज धरला होता. मी तो घासला, तेल घातलं, कडकडीत तापू दिलं, पीठ ओतलं. ओव्हन मध्येच उघडायचा नाही, नाहीतर पुडिंग बसतं, म्हणून डेरेक तिथेच उभा राहायचा, असं ब्रेंडानं सांगितलं. त्याची जागाही दाखवली. मी तिथे उभी राहिले. समोर ताटं बाहेर द्यायची खिडकी होती. तिच्यातून फक्त एकच टेबल नीट दिसतं, आमचं. माझी खुर्ची तर अगदी समोर. म्हणजे मी रागावून ग्लासाकडे बघत बसायची, ते तो इथून बघत असायचा.

आता तिथे दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. मी रडले. ब्रेंडानं पाठ फिरवून कोबी चिरायला घेतला, त्याबद्दल तिचे उपकार.

चारही पुडिंगं छान फुगली. टेबलावर आणून मी दोन खाल्ली, कांद्याची ग्रेव्ही आणि वर चटणी घालून. चव पहिल्या घासाच्या जवळपासही नव्हती. सुस्कारा सोडावा अशीच होती. उरलेली दोन निवून खाली बसली आणि मी ती बसताना बघत राहिले.

तेवढ्यात केयाचा फोन आला.

“जेवलीस? आलायन?” एकटीच का, हे ती अजून जर्मनमध्येच विचारते.

“हो, एकटीच. मी इथेच राहणार आहे गं.”

“गुट”, म्हणजे बरं, एवढंच ती म्हणाली. तिला बरं वाटलं नाही, हे मला कळलं, पण मी समजूत घालत बसले नाही.

निघताना ब्रेंडा दारापर्यंत आली. म्हणाली, पुढच्या रविवारी येशील तेव्हा दोनच खळगे भरू, उगाच वाया जातात.

“नको,” मी म्हटलं. “चारही भरू.”