बाबारावचं आमेन

पास्टर दयाराम तायडे मूळचे दारव्ह्याकडचे. भिलाईच्या कारखान्यात ते फिटर होते. १९७४ साली नोकरी सोडून ते येशूच्या सुवार्तेच्या कामाला लागले आणि भिलाई-३ मध्ये एका खोलीत त्यांनी बाप्टिस्ट मंडळी सुरू केली. सायकलवर दुर्गपासून चरोद्यापर्यंत हिंडत, चौकात उभे राहून बोलत. ज्यांनी विश्वास धरला त्यांना शिवनाथ नदीत उभं करून ते पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देत.

दर बुधवारी दुपारी चारला रेल्वेतून रिटायर झालेल्या बाबारावच्या घरी प्रार्थना असे. बाबाराव आणि त्याची बायको सत्यशीला सुरुवातीपासून येत होते. सत्यशीलेनं बाप्तिस्मा घेतला, बाबारावनं नाही. "घाई कायची?" म्हणायचा. पण प्रार्थना संपली की सगळ्यांचं आमेन म्हणून झाल्यावर, एक श्वास मागून, त्याचं जाड आवाजातलं "आऽमेन" यायचं, आणि पाठोपाठ खोकला.

१९८३ च्या मार्चमध्ये तो खोकला वाढला. एका बुधवारी बाबारावनं खाटेवरूनच पास्टरचा हात धरला.

"पास्टर, आता मले बुडवा."

"नदीपर्यंत कसे येसाल?"

"आंगनात टाकं आहे. सत्यशीलेनं भरून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी पास्टर रायपूरला निघणार होते. मोठं संमेलन होतं, हजारो माणसांसमोर त्यांना पहिल्यांदाच बोलायचं होतं, आणि प्रवचन अजून लिहून झालं नव्हतं.

"सोमवारी करू," ते म्हणाले. "सारी मंडळी राहील."

"सोमवारी?" बाबाराव एवढंच म्हणाला.

शनिवारी दुपारी तो गेला. त्या वेळी पास्टर मंचावर होते.

पुढच्या बुधवारी नेहमीच्या पाच बाया, पास्टर आणि त्यांची बायको रमा, एवढे जमले. प्रार्थना संपली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. एक श्वास गेला. रिकाम्या खाटेकडून आवाज आला, "आऽमेन." मग खोकला.

कोणी डोळे उघडले नाहीत. बाहेर मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत होते. बाया उठल्या आणि चहा न घेताच गेल्या. सत्यशीला मात्र भिंतीला टेकून शांत बसली होती, नवरा ड्युटीवरून घरी आला की बसायची तशी.

त्याच्या पुढच्या बुधवारी तेच झालं. पास्टर घाबरले. हा सैतानाचा खेळ आहे, असं त्यांनी ठरवलं. तिसऱ्या बुधवारी ते खाटेसमोर उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "येशूच्या नावानं सांगतो, या घरातून निघून जा!"

एक श्वास गेला. "आऽमेन," खाटेकडून आलं, अगदी मनापासून.

घरी जाताना रमा म्हणाली, "त्याले घालवून कावून राहिले तुमी? तुमीच तर थांबा म्हनलं होतं त्याले."

पास्टरला ते लागलं. मेलेल्याला बाप्तिस्मा नसतो, आत्म्याचं तारण पाण्यानं होत नाही, हे ते स्वतःच वर्षानुवर्षं शिकवत आले होते. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

शुक्रवारी भर दुपारी ते एकटेच बाबारावच्या घरी गेले. सत्यशीला नळावर गेली होती, दार उघडं होतं. अंगणातलं सिमेंटचं टाकं काठोकाठ भरलेलं होतं. पाण्यावर कचऱ्याची काडी नव्हती.

"बाबाराव," ते हळू म्हणाले, "मले मंचावर जायचं होतं. म्हनून मी थांबलो नाही. माझं चुकलं."

त्यांनी बाह्या वर केल्या, कोपरापर्यंत हात पाण्यात घातले आणि नदीत म्हणत तेच शब्द म्हटले. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं.

हातांवर ओझं आलं.

नऊ वर्षांत त्यांनी कितीतरी माणसं पाण्यात झुकवली होती. मोठ्या माणसाची पाठ हातावर टेकते तेव्हा कसं वाटतं, हे त्यांचे हात ओळखत होते. ते ओझं थंड होतं. पास्टरनं हात सोडले नाहीत. त्यांनी झुकवलं आणि उचललं. पाणी चारी बाजूंनी टाक्याबाहेर सांडलं आणि त्याच क्षणी हात हलके झाले.

हंडा घेऊन सत्यशीला दारात उभी होती. तिनं ओलं अंगण पाहिलं, अर्धं झालेलं टाकं पाहिलं.

"काय केलं तुमी?"

"त्यायनं मागितलं होतं ते."

तिनं हंडा खाली ठेवला. "आठवड्यातून एक डाव तरी आवाज आयकू येत होता मले. कोठी धाडलं तुमी त्यायले?"

पास्टरनं बाह्या खाली केल्या आणि ते निघाले.

त्यानंतर त्या घरात कधी आवाज आला नाही. सत्यशीलेनं घरातली बुधवारची प्रार्थना बंद केली. मंडळीत पास्टरनं ही गोष्ट सांगितली नाही, सांगण्यासारखी नव्हतीच. संमेलनांची बोलावणी मात्र त्यांनी कायमची नाकारली. कोणी आजारी आहे असा निरोप आला की हातातला घास ठेवून निघत.

दोन वर्षांनी सत्यशीला वर्ध्याला मुलीकडे कायमची निघाली. पास्टर आणि रमा दुर्ग स्टेशनवर गेले. तिनं रमाला जवळ घेतलं. पास्टरशी ती बोलली नाही. गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीच्या गजांमधून त्यांच्याकडे पाहिलं.

"पास्टर," ती म्हणाली, "म्या तुमाले माफ केलं. त्यायचं मले मालूम नाही."